एक सकाळ जास्त

कारखान्यात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की थांबाताई. भिंती पातळ होत्या, त्यामुळे दोन्ही नावं तिला सारखीच ऐकू येत. तिने कधी मनावर घेतलं नाही. नाव ठेवण्याइतकं आपल्याकडे लक्ष आहे लोकांचं, एवढंच ती म्हणायची.

तिचं काम सिनेमे बघायचं होतं. नात्यातल्या बायकांना हे सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारत. "दिवसभर सिनेमे बघायचे आणि वर पगार घ्यायचा? आमच्यासाठी बघ की गं एखादी जागा!" सुरुवातीला ती समजावून सांगायची, मग तिने हात टेकले.

कारखाना डिस्कांचा होता. थिएटरमधून उतरलेला सिनेमा काही महिन्यांनी लोकांना घरी बघता यावा म्हणून डिस्कवर निघतो, त्या डिस्का इथे तयार होत. मशिनवरून उतरलेली पहिली डिस्क, म्हणजे नमुना, तिच्या खोलीत येई. ती पहिल्या क्षणापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बघायची. चित्र कुठे अडकतं का, आवाज ओठांच्या पुढे पळतो का, खालची अक्षरं वेळेवर येतात का, हे पाहायचं आणि फॉर्मवर सही करायची. तिची सही झाल्याशिवाय मशिन हजारांचा घाणा काढत नसे. सिनेमा संपल्यावर कोणी विचारलं, "नायिका शेवटी कोणाशी लग्न करते?" तर तिला सांगता येत नसे. पण एकेचाळिसाव्या मिनिटाला नायिकेच्या डाव्या खांद्यावर हिरवा ठिपका उमटतो, हे ती झोपेतून उठूनही सांगू शकली असती.

खोली लहान, बिनखिडकीची. एक मोठा टीव्ही, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर तिने स्वतः शिवलेली उशी होती. बावन्नाव्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली होती, आणि ही खुर्ची होती म्हणून नोकरी होती. अंगणापलीकडे पॅकिंगचा हॉल होता. तिथे आठ तास उभं राहून डिस्का डब्यांत घालायच्या, डबे खोक्यांत घालायचे आणि शेजारणीशी ओरडून बोलायचं.

थांबाताई हे नाव पडलं त्याला एक प्रकरण कारणीभूत होतं. दोन वर्षांपूर्वी एका सिनेमात अचानक पाच मिनिटं चित्र उलटं झालं. माणसं छतावरून चालायला लागली. ती धावत बाहेर गेली आणि सुरू व्हायच्या तयारीत असलेल्या मशिनपुढे दोन्ही हात पसरून ओरडली, "थांबा! थांबा!" मशिन थांबलं, सिनेमा विकणाऱ्या कंपनीला फोन गेला, दीड दिवस वाया गेला. शेवटी कळलं की ते नायकाचं स्वप्न होतं आणि स्वप्न उलटंच असतं. ती खालची अक्षरं तपासण्यात इतकी गढली होती की नायक झोपल्याचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हा विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. बोलताना त्यांची नजर समोरच्या माणसापेक्षा मनगटावर जास्त असे, म्हणून त्यांना घड्याळसाहेब म्हणत. ते वाईट नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर वेळेचं ओझं होतं. ते म्हणाले, "ताई, एकदा झालं ते झालं. पण पुन्हा असं उगाच मशिन थांबलं तर मला तुम्हाला पॅकिंगला पाठवावं लागेल. माझा इलाज नाही."

तेव्हापासून ती सगळं लिहून ठेवू लागली. कोण झोपलं, कोण उठलं, कोणाला स्वप्न पडलं, सगळं फॉर्मच्या मागच्या बाजूला.

आणि मग तो सिनेमा आला.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. कारखान्यात त्याला सगळे 'परत-परत' म्हणत. बंदरात क्रेन चालवणारा एक माणूस असतो. एके दिवशी भविष्यातून लोखंडी शिपाई येतात आणि बंदर बेचिराख करतात. तो मरतो, आणि मेला की त्याच दिवसाच्या सकाळी पुन्हा जागा होतो. कामगारांच्या खोलीत एकावर एक पलंग असतात. वरचा सोबती झोपेत लाथ मारतो आणि त्याचा बूट खाली नायकाच्या नाकावर पडतो. बूट पडला की सकाळ झाली. पुन्हा शिपाई, पुन्हा मरण, पुन्हा बूट. हळूहळू तो शिकतो. कुठे वाकायचं, कुठे पळायचं, कोणता दरवाजा उघडायचा नाही. बूटसुद्धा पुढे पुढे तो डोळे न उघडता झेलतो.

थिएटरमध्ये तो धो धो चालला होता. आता डिस्क निघणार होती, आणि तीही साधी नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'थिएटरमध्ये न दाखवलेल्या दृश्यांसह'. शुक्रवारी सगळ्या दुकानांत माल पोचायला हवा होता. नमुना बुधवारी सकाळी तिच्या टेबलावर आला.

प्रत्येक बुटाला तिने एक रेघ ओढली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अशा जुड्या होत गेल्या. सतराव्या सकाळी नायक बूट झेलतो, जिना उतरतो, डावीकडच्या बोळात वळतो आणि तिथे पिंपाचा स्फोट होऊन मरतो. अठरावी सकाळ झाली. नायकाने बूट झेलला, जिना उतरला, डावीकडच्या बोळात वळला. स्फोट.

थांबाताईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

हा माणूस एकदा भाजला की त्या वाटेने जात नव्हता. सोळा सकाळी तिने त्याला हेच करताना पाहिलं होतं. शिकणारा माणूस होता तो. मग एकाएकी काय झालं याला? तिने मागे नेऊन पुन्हा बघितलं. चित्र स्वच्छ होतं, आवाज जागच्या जागी होता, कुठे झटका नव्हता. एकोणिसाव्या सकाळी तो शहाण्यासारखा उजवीकडे वळला आणि सिनेमा पुढे गेला. शेवटी जुड्या मोजल्या. सहा जुड्या आणि दोन रेघा. बत्तीस सकाळी.

सही करावी, तर चुकलेली डिस्क हजारो घरांत जाईल. थांबा म्हणावं आणि पुन्हा उलट्या स्वप्नासारखं झालं, तर खुर्ची गेली.

तिने या खेपेला धावाधाव केली नाही. शांतपणे उठून साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, मला वाटतं यात एक सकाळ जास्त आहे."

घड्याळसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "काय जास्त आहे?"

"सकाळ. सतरावी सकाळ दोनदा आलीय."

"ताई," साहेब सावकाश म्हणाले, "या सिनेमात एकच सकाळ आहे. तीच पुन्हा पुन्हा येते. लोक त्यासाठीच तिकीट काढतात."

"ते कळलं मला. पण दर वेळी तो काहीतरी वेगळं करतो. या दोन वेळा अगदी तेच करतो."

"विसरला असेल. माणूस आहे."

"सोळा वेळा नाही विसरला."

"मग सतराव्यांदा विसरला! मी काल किल्ल्या विसरलो, परवाही विसरलो." साहेबांनी फोन उचलला. "थांबा, कंपनीलाच विचारू. नंतर मला कोणी बोल लावायला नको."

पलीकडचा माणूस जेवत असावा. त्याने सगळं ऐकलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. फोनचा आवाज मोठा होता, तिलाही सगळं ऐकू येत होतं. "अहो, पुन्हा पुन्हा होतं, तोच तर सिनेमा आहे! आणि यात नवी दृश्यं घातलीत. थिएटरमध्ये नव्हतं ते इथे असणारच. कोण आहेत तुमच्याकडे तपासायला? ते उलट्या स्वप्नावाले का?"

साहेबांनी फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"उद्या दुपारी बाराला मशिन सुरू करायचं आहे," ते म्हणाले. "तोपर्यंत सही करा. नाहीतर खात्री करा. पण ताई, खात्री म्हणजे खात्री. 'मला वाटतं' चालणार नाही. मागे काय बोललो होतो ते लक्षात आहे ना?"

बातमीला पाय फुटतातच. चहाच्या सुट्टीत पॅकिंगची मुकादम मावशी अंगणात उभी होती. तिने कमरेवर हात ठेवून हाक मारली, "ये गं ये, तुझी जागा झाडून ठेवलीय! सगळ्यात पुढची. मशिन थांबवायला सोपी."

"उशी आणू का बरोबर?" थांबाताई म्हणाली.

"आण की. उभ्याने डोक्यावर घे."

दोघी हसल्या. पण तिला तो चहा गोड लागला नाही.

घरी जेवताना तिने विषय काढला. नवरा बस चालवायचा. एकाच रस्त्यावर दिवसाला बारा फेऱ्या, वीस वर्षं. मुलगी कॉलेजात होती आणि तिने हा सिनेमा थिएटरमध्ये तीनदा पाहिला होता.

"अगं आई, स्फोटानंतर तो सरळ उजवीकडे जातो!" मुलगी घास हातात धरून म्हणाली. "एकदाच मरतो डावीकडे."

"नक्की?"

"शंभर टक्के. म्हणजे... थिएटरमध्ये. डिस्कवर नवीन सीन आहेत ना. कदाचित दुसऱ्यांदा तो मुद्दाम जात असेल. पिंपामागे काय आहे ते बघायला."

"त्याच्या तोंडावर तसं काही दिसत नाही गं. पहिल्यांदा दचकतो तसाच दुसऱ्यांदा दचकतो."

"मग वाईट ॲक्टिंग असेल."

"अहो, तुम्ही बोला ना काहीतरी."

नवऱ्याने ताटातून मान वर केली. "मी काय बोलू? मला सिनेमातलं कळत नाही. पण मी एखादी फेरी जास्त मारली तर मला कळतं. प्रवाशांना नाही कळणार. ते कुठल्याही फेरीत चढतात आणि उतरतात. पण माझ्या पायाला कळतं."

"आणि तुमचं कोणी ऐकलं नाही तर?"

"डेपोत वहीत बघतात. तिथे फेऱ्यांची नोंद असते." तो पुन्हा जेवायला लागला. "तुमच्या सिनेमाची कोणाकडे तरी वही असेलच की."

गुरुवारी ती वेळेआधी अर्धा तास आली. डिस्कवर सिनेमाच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, जी तिने बुधवारी फक्त आवाजासाठी चाळली होती. 'पडद्यामागे' नावाची वीस मिनिटांची फिल्म. घरी बघणाऱ्यांना अशा गोष्टी आवडतात. तिलाही ती पुरी तपासायची होतीच. तिने कानाला हेडफोन लावला आणि या वेळी शब्द न् शब्द ऐकला.

त्यात दिग्दर्शक होता. दाढीवाला, बोलका, स्वतःवर खूश. तो सांगत होता, "लोक म्हणाले, बूट एकदा पाड आणि तोच तुकडा सगळीकडे वापर. मी म्हटलं, मुळीच नाही! प्रत्येक सकाळ आम्ही नव्याने चित्रित केली. प्रत्येक बूट खरा पडला आहे." मग वरून बूट टाकणारा कामगार दिसला. तो आपला दंड चोळत म्हणाला, "माझा हात अजून दुखतो."

थांबाताईने फिल्म थांबवली. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली. पहिली सकाळ लावली. बूट पडला तिथे चित्र गोठवलं आणि बुटाची नाडी कशी उडाली आहे ते कागदावर काढलं. दुसरी सकाळ. तिसरी. एकात नाडी वर, एकात मागे, एकात बुटाभोवतीच गुंडाळलेली. नाडीला काही पाठांतर नव्हतं, ती दर वेळी मनाला येईल तशी पडत होती. सतराव्या सकाळी नाडीच्या टोकाला छोटासा आकडा झाला होता, मासे धरायच्या गळासारखा. अठराव्या सकाळी तोच आकडा. तसाच. केसाचा फरक नाही.

साडेदहाला ती कागद घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी बत्तीस नाड्यांची चित्रं पाहिली, उलटीसुलटी करून पाहिली.

"हे काय आहे? गांडुळं?"

"नाड्या आहेत, साहेब." तिने सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांची नजर मनगटाकडे गेली.

"दिग्दर्शक काहीही बोलतात, ताई. एका ठिकाणी केली असेल काटकसर."

"असेल. म्हणून मला ज्याने हा सिनेमा जोडला त्या माणसाशी बोलायचं आहे. कंपनीच्या हसणाऱ्या माणसाशी नाही. तुकडे ज्याच्या हातून गेले त्याच्याशी."

"आणि तो म्हणाला की सगळं ठीक आहे, तर?"

तिने श्वास घेतला. "तर मी सही करते आणि तशीच पॅकिंगला जाते. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

साहेबांनी कंपनीचा नंबर मिळवला. हसणाऱ्या माणसाने आढेवेढे घेतले, साहेब खेकसले, त्याने दुसरा नंबर दिला. तिथे बराच वेळ घंटी वाजली. मग एका म्हाताऱ्या माणसाचा थकलेला आवाज आला. साहेबांनी फोन तिच्या हातात दिला.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी डिस्क तपासते. परत-परत... म्हणजे तुमचा तो बंदराचा सिनेमा. तो तुम्ही जोडला ना?"

"हो. काय झालं?"

"तुमच्याकडे सकाळी किती आहेत, ते सांगाल का?"

"सकाळी?" तो जरा हसला, पण हे हसणं वेगळं होतं. "इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. थिएटरला सत्तावीस होत्या. डिस्कसाठी चार घातल्या. एकतीस. भिंतीवर यादी लावलीय माझ्या."

"डिस्कवर बत्तीस आहेत."

"नाही हो."

"सतरावी दोनदा आहे. ज्यात त्याचा बूट पडताना नाडीचा आकडा होतो, ती. डाव्या बोळातली."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग काहीतरी सुरू केल्याचा. मग बूट पडल्याचा, एकदा आणि पुन्हा एकदा. साहेब घड्याळाकडे बघायचं विसरले होते.

"बाई," तो आवाज आता अगदी हळू होता. "मी चहाला उठलो होतो."

"म्हणजे?"

"सतरावी जोडली आणि चहाला उठलो. परत येऊन बसलो तर समोर बूट. मला वाटलं, हा जोडायचा राहिलाय. जोडून टाकला. या सिनेमात परत आलं की समोर बूटच असतो हो! सांगणार कोणाला? चार महिने मी तेच बघतोय. आरशात दाढी करताना वाटतं, आता वरून बूट पडेल."

तिला हसू आलं आणि त्याचं वाईटही वाटलं. "होतं असं," ती म्हणाली. "मी तर एकदा स्वप्नाला चूक म्हटलं होतं."

"ते तुम्ही होय!" तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. "आमच्याकडे अजून सांगतात तो किस्सा." मग घुटमळला. "तुम्ही फॉर्मवर काय लिहिणार? म्हणजे, माझी ही शेवटचीच एक-दोन कामं आहेत. चहामुळे झालं असं नका लिहू."

"चहासाठी फॉर्मवर रकाना नाही," ती म्हणाली. "जेवढं डिस्कवर दिसतं तेवढंच मी लिहिते."

फोन ठेवून तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'एक सकाळ जास्त. सतरावी.' सहीची जागा मोकळी सोडली आणि फॉर्म साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी स्वतः जाऊन मशिनवाल्याला सांगितलं की आज काही सुरू करायचं नाही. मग कंपनीच्या हसणाऱ्या माणसाला फोन केला. या वेळी पलीकडून हसू आलं नाही, आणि साहेबांनी जरा जास्तच सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्याला सगळं समजावलं. त्यांना त्यात मजा येत होती हे लपत नव्हतं.

शुक्रवारी दुकानांत डिस्क पोचली नाही. मुलगी घरी दोन दिवस फुरंगटून बसली. "माझ्याच आईने माझा सिनेमा अडवला," असं तिने मैत्रिणींना सांगितलं, आणि आवाजात तक्रारीपेक्षा ऐट जास्त होती. पॅकिंगच्या मावशीने अंगणातून हाक मारली, "येतेस ना गं?" आणि उत्तराची वाट न बघता खोकी मोजायला आत गेली.

सोमवारी सुधारलेला नमुना आला. थांबाताईने नवा फॉर्म घेतला, पेन्सिलीला टोक केलं, दिवा कमी केला. तेवढ्यात दार उघडून घड्याळसाहेब आत आले. काही न बोलता त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि बसले.

"साहेब, दोन तासांचा आहे."

"माहीत आहे."

"मध्ये बोलायचं नाही. माझं मोजणं चुकतं."

"नाही बोलत."

ते खरंच बोलले नाहीत, फक्त बूट नाकावर पडला की दर वेळी कळवळून "आई गं" म्हणायचे. पाचव्या सकाळी तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की तेही बंद झालं. सतरावी सकाळ आली. नाडीचा आकडा झाला, नायक जिना उतरला, डाव्या बोळात वळला, पिंप फुटलं. पडदा पांढरा झाला. साहेब खुर्चीच्या कडेवर आले. बूट पडला. नायकाने तो झेलला, जिना उतरला, बोळाच्या तोंडाशी क्षणभर थबकला.

"आता?" साहेबांच्या तोंडून निघून गेलंच.

"आता उजवीकडे," ती म्हणाली आणि अठरावी रेघ ओढली.

तो उजवीकडे वळला. साहेबांनी सुस्कारा टाकला, पाय लांब केले, आणि पुढच्या तेरा सकाळी ते मुकाट्याने तिच्याबरोबर जागे होत राहिले.